चोपन्न

हिरवा ठिपका मुगाच्या दाण्याएवढा, भिजवून ठेवल्यासारखा टवटवीत – तीन दिवस झाले तरी तसाच. टॅबच्या काचेवर बोट सरकवलं की आजचा गुरुवार बाजूला व्हायचा, बुधवार व्हायचा, मंगळवारचे एकाखाली एक लाल ठिपके निघून जायचे आणि सोमवार यायचा. खाट चार. बेबी ऑफ रक्षा. वजन एक किलो सहाशे. वेळ सकाळी अकरा. श्वास – चोपन्न. आणि त्याच्यापुढे तो.

सुलोचनाने बोट उचललं. आठला ड्यूटीवर आल्यापासून हे तिसऱ्यांदा. पाहून काय होणार होतं? हा टॅब मागचं काही खोडू देत नाही; कागदावर निदान पांढरी शाई लावता यायची... लावली असती का मी? नाही. पण लावता यायची, एवढं तरी होतं.

तिच्या पाठीमागे पाण्याची बाटली बुडबुडत होती. बाळाच्या नाकात दोन बारीक नळ्या, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात. छातीला आतून टेका देणारी हवा तिथून बाहेर पडताना बुडबुडते. तो आवाज चालू आहे तोवर घाबरायचं नाही, असं ती नव्या मुलींना शिकवायची. गेले तीन दिवस तो सिंदीला घरीसुद्धा चालू असायचा – देवापुढे बसल्यावर, भाजी निवडताना, आणि मधेच थांबल्यासारखा वाटला की तिचा हात जिथल्या तिथे राहायचा.

टॅब येऊन चार महिने झाले होते. पुण्याच्या एका संस्थेने तो ट्रस्टच्या या हॉस्पिटलला दिला होता, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षासाठी. बाळाचे आकडे भरायचे, बऱ्या बाळाचे सहा तासांनी, आजारी बाळाचे तासातासाला – श्वास किती, अंग किती गरम, दूध किती पचलं, रंग कसा – आणि मग तो विचार करून सांगायचा. हिरवा म्हणजे बरं चाललंय. पिवळा म्हणजे डॉक्टरांना बोलवा. लाल म्हणजे धावा. मिनिटाला साठाच्या वर श्वास गेले की पिवळा व्हायचा आणि वाजायचा. चोपन्नला वाजत नाही. सोमवारी तो वाजला नाही. संध्याकाळी साडेपाचला, सुलोचना घरी पोचून दिव्यात तेल घालत असताना, इकडे चार नंबरवरची ती बोटभर छाती हलायची थांबली. दुपारपाळीच्या मोनालीने तळपाय चोळून, पिशवीने श्वास देऊन तिला परत आणलं. रक्तात जंतू गेले होते. ते काही साडेपाचला गेले नव्हते. "सकाळीच धाप लागली असणार," कक्षाचे डॉक्टर रजत सर दुसऱ्या दिवशी म्हणाले होते. "सहा तास आधी औषध सुरू झालं असतं तर –" आणि वाक्य तिथेच सोडून दिलं होतं. कोणाकडे न पाहता. टॅबकडे पाहून.

सगळेच टॅबकडे पाहत होते. आणि ते फार सोयीचं होतं.

*

समीक्षा मंगळवारी दुपारी पुण्याहून आली. सव्वीस-सत्तावीसची, बारीक आवाजाची. पायांत कक्षातल्या निळ्या चपला, मांडीवर वही. टॅब दुरुस्त करणं हे तिचं काम नव्हतं. सिस्टर तो वापरतात कशा, हे एका स्टुलावर बसून नुसतं पाहायचं – कोण कुठे उभं राहतं, हात कधी रिकामे असतात, किती पावलं चालावं लागतं – आणि मग टॅब कसा बदलायचा ते तिच्या लोकांनी ठरवायचं. वहीत ती खाटांची चित्रं काढायची आणि त्यांच्यामधून सिस्टरांच्या चालण्याच्या रेघा, मुंग्यांच्या रांगेसारख्या. पहिल्या दिवशी सगळ्या अंग चोरून वावरल्या. दुसऱ्या दिवशी विसरल्या.

"मॅडम, हे बी लिहून घ्या," मोनाली तिला म्हणाली होती. "टॅब वाजला का आमी म्हणतो सासूबाई बोलल्या. हे केलं काय, ते केलं काय. घरी एक हाय, इथं एक तुमी पाठवली."

समीक्षा हसली, आणि तिने खरंच लिहून घेतलं. मग तिला टॅबच्या कडेच्या भोकांवर लावलेली चिकटपट्टी दिसली. "ही कोणी लावली?"

"सासूच्या तोंडाले कोन लावते पट्टी? आपोआप लागली असन."

समीक्षा म्हणाली, "मी नाव विचारत नाहीये हं. आमच्याकडे पहिला धडा हाच असतो – वापरणाऱ्याची चूक नसते, चूक मांडणीची असते. तुम्हाला पट्टी लावावी लागली, म्हणजे आवाज चुकला आमचा."

वापरणाऱ्याची चूक नसते. ते वाक्य सुलोचनाने प्रसादासारखं घरी नेलं होतं. गाडीत खिडकीशी बसून उलटसुलट करून पाहिलं होतं. किती गोड होतं ते... आपल्याकडे असं कोणी म्हणत नाही. आपल्याकडे देवसुद्धा असं म्हणत नाही. चुकलं तर प्रायश्चित्त असतं, क्षमा असते, पण तू नव्हतीसच, दार चुकीच्या ठिकाणी होतं, असं कुठल्या पोथीत सापडायचं?

आणि ते खोटंही नव्हतं. जंतूंच्या भीतीने इथे कोपराखाली काही घालायचं नाही – बांगडी नाही, अंगठी नाही, मनगटावर घड्याळ नाही. भिंतीवरचं घड्याळ दाराच्या वर, आणि खाट चारवरून दार खांबाआड. टॅबमध्ये एक मिनिट मोजायचं बटण होतं, पण दोन्ही हात बाळाजवळ असताना ते दाबायचं म्हणजे हात बाहेर काढा, काच शिवा, पुन्हा हात धुवा – तोवर बाळ चाळवतं, रडतं, आणि रडत्या बाळाचे श्वास मोजण्यात अर्थ नसतो. म्हणून ते बटण कोणी दाबत नव्हतं. कोणी खांबाआडून मान काढून अर्धं मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. कोणी अंदाजाने. आणि सुलोचना –

सुलोचना स्तोत्र म्हणायची.

गणपतीचं, आठ श्लोकांचं. ना घाई, ना रेंगाळणं, असं म्हटलं की बरोबर एक मिनिट. बावीस वर्षांपूर्वी ती इथे नवीन लागली तेव्हा इंचार्ज विमलाबाईंनी छातीवर पिनेने लावलेलं आपलं घड्याळ काढून, हातात धरून तपासलं होतं. "पुन्हा म्हण," असं पाच वेळा. पाचही वेळा काटा फिरून जागेवर. "तुझ्या पोटातच घड्याळ आहे गं बाई," विमलाबाई म्हणाल्या होत्या. "मनात देवाला धर आणि बोटांवर श्वास मोज. मन इकडेतिकडे जायचं नाही." तेव्हापासून हे असंच : डोळे बाळाच्या छातीखालच्या खळग्यावर, जिभेवर श्लोक, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक श्वास पुढे. विमलाबाई निवृत्त झाल्या. कितीतरी बाळं आली नि गेली – काही दारातून, काही... सगळ्यांचे श्वास त्या आठ श्लोकांत बसले.

याशिवाय तिचा स्वतःचा नेम होता. रोज दुपारी बाराच्या आत एकवीस आवर्तनं. बारा-तेरा गाडीत व्हायची, उरलेली कामाच्या मधल्या फटींत. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता, तापातही नाही. याबद्दल ती कोणाशी बोलायची नाही. नेम उघडा केला की त्याचं बळ जातं, असं आई सांगायची. आणि एक गोष्ट तिने स्वतःशी बांधून घेतली होती – बाळाजवळ म्हटलेलं आवर्तन एकवीसमध्ये धरायचं नाही. ते मिनिट बाळाचं. त्यात आपलं काही मिसळायचं नाही.

सोमवारी संकष्टी होती. पोटात पाण्याचा थेंब नव्हता. गाडीत शेजारची बाई मुलीच्या लग्नाचं सांगत बसली, तेव्हा आठच झाली. साडेनवाला कारंजाहून अँब्युलन्समध्ये जुळी आली, त्यातलं एक निळं पडलेलं... त्यात अकराची नोंद राहून गेली. ती खाट चारजवळ आली तेव्हा बाराला वीस कमी होते. चार आवर्तनं बाकी, आणि पुढे तीन खाटा, आणि सर हाका मारत असलेले. दोन्ही हात बाळाजवळ. गुलाबी टोपी. आणि मग – हे धरू या का? एवढं एकच. आजच. चतुर्थी तर आहे... तो विचार आला तेव्हा विचार वाटलाच नाही, इतका मऊ होता. फुलवातीसारखा. मी म्हटलं, आणि धरलं. चाराचे तीन झाले. चोपन्न. टॅबमध्ये वेळ अकरा घातली आणि पुढच्या खाटेकडे वळले.

आता प्रश्न एवढाच होता की ते आठ श्लोक मी कोणत्या वेगाने म्हटले.

बाळाचं म्हणून म्हटलेलं आवर्तन आणि बाराच्या आत संपवायचं म्हणून म्हटलेलं आवर्तन, यांना एकच वेळ लागतो का? तीन दिवस ती त्या मिनिटाच्या आत शिरून पाहत होती. आत सगळं होतं – टोपी, कानाजवळची लव, वॉर्मरची ऊब, छातीचा खळगा वरखाली. फक्त स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

*

आज बारा वाजता बैठक होती. रजत सर, समीक्षा, सुलोचना आणि त्यासाठी पाळीच्या आधी आलेली मोनाली. सोमवारी टॅबकडून हे बाळ का सुटलं ते ठरवायचं आणि साठाची हद्द बदलायची की नाही तेही. समीक्षा संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जाणार होती.

अकराची नोंद करून सुलोचना हात धुवायला बेसिनपाशी गेली, तशी समीक्षा वही घेऊन मागोमाग आली.

"ताई, एक विचारू? मोजताना सगळ्या घड्याळासाठी कुठे ना कुठे मान वळवतात. तुम्ही नाही वळवत. मिनिट झालं हे कसं कळतं तुम्हाला?"

"सवयीनं."

"म्हणजे मनात आकडे म्हणता?"

सुलोचनाने कोपरापर्यंत फेस लावला. धुतला. मग, आपण काय बोलतो आहोत हे बोलून झाल्यावर कळावं तसं, ती म्हणाली, "तुमच्या फोनमध्ये सेकंद दिसतात का?"

दोघी दाराबाहेरच्या चपलांच्या कट्ट्याशी गेल्या. "मी हं म्हटलं की सुरू करा. पुन्हा हं म्हटलं की थांबवा. मधे मला दाखवू नका."

तिने डोळे मिटले. समोर बाळ नव्हतं, बोटांना मोजायला काही नव्हतं. आठ श्लोक. पहिला नीट गेला. दुसऱ्यापासून तिला स्वतःच्या छातीची धडधड ऐकू यायला लागली आणि श्लोक तिच्यामागे चालायला लागले, गर्दीत बोट धरलेल्या पोरासारखे...

"हं."

"एकोणपन्नास," समीक्षा म्हणाली.

एकोणपन्नास सेकंदांना चोपन्न. म्हणजे साठाला – ती मनात भागाकार करत होती, आणि एका बाजूने तो करायचा नाही म्हणून स्वतःला ओढत होती – सहासष्ट. सहासष्टला पिवळा. सहासष्टला तो वाजतो, पट्टीतूनसुद्धा वाजतो. सहासष्टला रजत सर साडेपाचला नाही, बाराला येतात.

"पुन्हा," ती म्हणाली. विमलाबाईंसारखंच.

दुसऱ्यांदा एकसष्ट आले.

"जवळजवळ बरोबर की ताई," समीक्षा म्हणाली. "घड्याळाशिवाय एवढं जमतं म्हणजे कमाल आहे. कशावर मोजता?"

"असंच."

समीक्षाने पुढे विचारलं नाही. वहीत खाट चारच्या चित्राखाली तिने एक छोटा चौकोन काढला. "हात अडकलेले असतात, तर पायाने दाबायचं बटण दिलं तर? खाली, शिलाई मशीनच्या पायट्यासारखं. दाबलं की समोर एक मिनिट दिसेल, संपलं की हळू ठक. कसं वाटतं?"

"बरं होईल," सुलोचना म्हणाली. आणि ते खरंच बरं होणार होतं. या मुलीने दोन दिवस नुसतं बसून जे पाहिलं, ते आम्हाला चार महिन्यांत कोणाला सांगता आलं नव्हतं.

एकोणपन्नास आणि एकसष्ट. दोन्ही माझेच, पाच मिनिटांच्या अंतराने. सोमवारचं यांतलं कोणतं? किंवा तिसरंच एखादं? आता ते कोणालाच कळणार नव्हतं. मलासुद्धा नाही. कळणारच नसेल तर कबूल काय करायचं – संशय? संशय का कोणी टॅबमध्ये भरतं? आणि या विचाराला, तिची तिला शरम वाटली, पण या विचाराला जरा गारवा होता. मांडणी चुकली. घड्याळ खांबाआड होतं. बटण पायाखाली हवं होतं. यातलं एकही अक्षर खोटं नाही.

बाराला पंधरा कमी. तिची आजची तीन राहिली होती.

*

काचेच्या दारावर बोटाने टकटक झाली. हिंगणीच्या प्रमिलाबाई, रक्षाची आई – म्हणजे चार नंबरच्या बाळाची आजी. कापूस वेचणी अर्धी टाकून आलेली; बोंडांच्या टोकांनी बोटांची पेरं फाटलेली, म्हणून दार वाजवतानाही एकच बोट वापरायची.

"बाई, माई नात काऊन अशी निजूनच राह्यते? डोये बी उघडून नाई राह्यली."

"औषध चालू आहे, आजी. थकलीय ती."

"थकाले तिनं केलं काय आतालोक? कापूस मी येचला, बाळंत रक्षा झाली, अन् थकून हे राह्यली." ती स्वतःच जरा हसली, मग हसणं पदराने पुसून टाकलं. "डाक्टर काई सांगत नाई. तुमी सांगा. वाचन न पोरगी?"

"प्रयत्न चाललेत."

"तुमी हाय तं मले फिकर नाई." प्रमिलाबाईंनी आवाज खाली आणला, काचेत तोंड घालून बोलावं तसा. "मी पाह्यते न इथून. बाकीच्या येतात, हात लावतात, चालल्या जातात. तुमचं तोंडावरचं कापड हालते लेकरापाशी. तुमी देवाचं म्हनता."

सुलोचनाने मास्क नाकावर सरळ केला.

"नोका सांगू, तुमचं तुमाले. पन सोमवारी मी हिथंच उभी होती. त्या दिशी तं किती भराभर हालत होतं कापड. मी रक्षाले जाऊन म्हनलं, काई भेव नाई बाई, आपल्या पोरीसाठी लय जोर लावून राह्यली ते सिस्टर." तिने फाटक्या पेरांचे हात जोडले. "आज बी दोन जास्तीचे म्हनजा."

बाटली बुडबुडत होती. काचेपलीकडून तो आवाज प्रमिलाबाईंना ऐकू येत नसणार. त्यांना फक्त दिसत असणार : दिवे, नळ्या, आणि मास्क लावलेली एक बाई, स्तब्ध उभी.

*

डॉक्टरांच्या खोलीत चार खुर्च्या मावल्या की दार लागत नसे. रजत सरांनी सोमवारचा कागद छापून आणला होता. चोपन्नाभोवती पेनाने गोल होता.

"माझं म्हणणं सरळ आहे," सर म्हणाले. "चोपन्नला बाळ आजारी होतं, हे आपल्यासमोर आहे. म्हणजे दीड-पावणेदोन किलोच्या बाळांना साठ ही हद्द जास्त होते. पन्नास करा."

"मंग सगळीच पोट्टी पिवळी, सर," मोनाली म्हणाली. "सासूबाई दिवसभर बोलतीन."

"बोलू दे. एक तरी सुटणार नाही."

"पट्टी डबल लावा लागन मंग."

सरांनाही हसू आलं. समीक्षाने वही उघडली. "सर, मला हद्दीपेक्षा मोजण्याची अडचण मोठी वाटते. तिथून घड्याळ दिसत नाही, हात मोकळे नसतात. सगळ्यांचेच आकडे थोडे इकडेतिकडे होत असतील. कोणा एकाचे नाही." शेवटचं वाक्य म्हणताना तिने सुलोचनाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

किती सभ्य मुलगी... तिने दार उघडून धरलं होतं आणि स्वतः बाजूला उभी होती. काही न बोलता मान हलवली असती तरी पुरलं असतं. पायट्याचं बटण झालं असतं, घड्याळ हललं असतं, आणि तो गोल केलेला चोपन्न पुण्याला गेला असता – तिथून आणखी कुठे, जिथे जिथे हा टॅब जाणार आहे तिथे – आणि कुठल्याशा गावातल्या कुठल्याशा बाळाच्या श्वासाची हद्द माझ्या संकष्टीच्या घाईवर बसली असती. सगळे पिवळे. सगळे वाजणारे. मग सगळ्यांवर पट्ट्या.

भराभर हालत होतं कापड.

"सर," ती म्हणाली, "तो चोपन्न धरू नका."

"का?"

"तो पुऱ्या मिनिटाचा नसावा. मी घाईत होते."

"हो, त्या दिवशी जुळी आली होती ना," सर म्हणाले. तेही दारच होतं, दुसरं.

"त्यांच्यामुळे नाही."

"ताई," समीक्षा हळूच म्हणाली, "तिथून घड्याळच दिसत नाही. तुम्ही करणार तरी काय होतात?"

"दिसत असतं तरी मी पाहिलं नसतं."

मोनालीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता, सरांच्या कागदाचा कोपरा उचलत होता आणि ठेवत होता.

"माझं एक काम होतं, बाराच्या आत संपवायचं," सुलोचना म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, हळू. तो तसाच आहे याचं तिलाच नवल वाटलं. "ते मी बाळाच्या मिनिटात केलं."

"कोणतं काम?"

उत्तर होतं, जिभेच्या मुळाशी, आठ श्लोकांच्या जागेवरच होतं. आईचा शब्द होता. सांगितलं तर ती बावीस वर्षांची ओंजळ या टेबलावर उपडी करायची, छापलेल्या कागदाशेजारी... न सांगितलं तर अर्धंच सांगितलं. समीक्षाची पेन्सिल वहीला टेकली होती, पण चालत नव्हती.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "लेखी द्या मला," ते म्हणाले, फार कठोरपणे नाही. "आज नको. उद्या." मग समीक्षाकडे वळून, "हा आकडा सोडून बाकीचे पाहू," आणि कागदावरच्या गोलावर त्यांनी एक आडवी रेघ मारली. आकडा तिच्याखालून दिसतच होता.

*

एकच्या नोंदीला ती खाट चारजवळ आली तेव्हा दारावरचं घड्याळ तिथे नव्हतं. खांबाच्या अलीकडे, समोरच्या भिंतीशी एका खुर्चीवर ते टेकवून ठेवलेलं होतं, काच स्पिरिटने पुसलेली. मोनाली टाचणी शोधायच्या मिषाने जवळ आली.

"मीच आणलं. आता पाहा घड्याळ, नाई तं आंधी मले सांगा काय काम होतं ते," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेली. त्या बोलण्यात राग होता की काय होतं, सुलोचनाला कळलं नाही. सोमवारी संध्याकाळी तळपाय मोनालीने चोळले होते.

एकला पाच मिनिटं कमी. म्हणजे बारा वाजून गेले – केव्हाच. खोलीत, त्या पंख्याखाली. आजची तीन राहिली होती, की प्रमिलाबाईंनी मागितलेली दोन धरून पाच? बावीस वर्षांत पहिल्यांदा... ती थांबली. ज्या धक्क्याची ती इतकी वर्षं वाट पाहत होती, तो आला नाही. भिंत कोसळली नाही. फक्त एक पोकळ जागा होती, दात पडल्यावर जीभ जाते तशी, आणि जीभ तिकडे जात होती.

तिने हात आत घातले. गुलाबी टोपी. बाळाची बोटं तिच्या करंगळीला लागली. धरण्याइतकी ताकद त्यांत नव्हती, नुसती लागली. बाटली बुडबुडत होती. काटा वर आला आणि तिने सुरू केलं – एक, दोन – खळगा वर, खळगा खाली. तिसऱ्या श्वासाला पहिला श्लोक आपणहून उठला, पाळीव जनावर दाव्याला येतं तसा. तिने त्याला अडवलं नाही. त्याच्यावर काही लादलंही नाही. तो आपला शेजारून चालत राहिला, आणि ती काट्याकडे आणि छातीकडे, छातीकडे आणि काट्याकडे पाहत राहिली... मधे कुठेतरी, विसाच्या पुढे, श्लोक मागे राहिला. केव्हा राहिला ते कळलं नाही. मिनिट किती लांब असतं. किती लांब असतं हे, आणि याच्यात बाळ पूर्ण एकटं असतं.

अठ्ठावन्न. की एकोणसाठ? शेवटाला एक अर्धा, अडखळलेला श्वास होता. तो धरायचा होता की नाही. टॅब बाजूलाच उघडा होता, चौकोनात रेघ लुकलुकत होती. अठ्ठावन्न घातले तरी हिरवा. एकोणसाठ घातले तरी हिरवा. पूर्वी तिने घालून टाकलं असतं.

तिने हात बाहेर काढले नाहीत. पुन्हा मोजायचं. काटा बारावर यायला अजून अकरा सेकंद होते. त्या अकरा सेकंदांत तिने काहीही म्हटलं नाही.